मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारात गिळण्याचा त्रास: घरच्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

ठसका लागत नाही, म्हणजे गिळणं ठीक आहे, हा समज घरोघरी आढळतो आणि तोच सर्वांत जास्त नुकसान करतो. पार्किन्सन्स, एएलएस (स्नायू चालवणाऱ्या नसा मरत जाण्याचा आजार), अल्झायमर, हंटिंग्टन (हालचालींवरचा ताबा घालवणारा आनुवंशिक आजार) यांसारख्या आजारांत घशाची संवेदना बोथट होत जाते. अन्नाचा कण किंवा पाण्याचा घोट श्वासनलिकेत उतरतो, तरी खोकला येतच नाही. डॉक्टर याला ‘सायलेंट अ‍ॅस्पिरेशन’ म्हणतात. पुढे वारंवार ताप येतो, कफ वाढतो, न्यूमोनिया होतो, आणि त्याचं मूळ जेवणाच्या ताटात आहे हे उशिरा लक्षात येतं.

दुसरी अडचण अशी की एका रुग्णाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला घातक ठरू शकतो. कुणाची जीभ दुबळी असते, कुणाला गिळायची आठवणच राहत नाही, कुणी भरभर खातं. म्हणून उपाय शोधण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

## १. घास कसा उतरतो ते समजून घ्या

गिळण्याचे चार टप्पे आहेत. तोंडात घास चावून, लाळेत कालवून त्याचा गोळा होतो. जीभ तो मागे ढकलते. मग घशाचा टप्पा येतो: टाळूचा मागचा भाग वर जाऊन नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. हे सगळं साधारण एका सेकंदात होतं. शेवटी अन्ननलिका घास पोटाकडे नेते.

या कामात मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या पाच जोड्या आणि तोंड-घशाचे कितीतरी स्नायू एकाच लयीत चालावे लागतात. पाणी हे सर्वांत वेगाने घरंगळतं, म्हणून लय जरा चुकली की पहिला घोळ पाण्याच्या घोटावर होतो. ‘जेवण जातं, पण पाण्याने ठसका लागतो’ अशी तक्रार असेल तर घशाचा टप्पा उशिरा सुरू होत असण्याची शक्यता असते. उलट पाणी जातं, पण कोरडं किंवा चावायचं अन्न अडतं, तर जीभ, जबडा किंवा घशाची ताकद कमी झालेली असू शकते.

## २. आजारानुसार काय बिघडतं

पार्किन्सन्स. जीभ घास मागे नेण्याऐवजी पुढे-मागे डोलत राहते, गिळण्याची सुरुवात लांबते, गिळल्यावरही घशात अन्न उरतं. लाळ गळते, पण ती जास्त तयार होते म्हणून नव्हे. आपोआप गिळण्याचं प्रमाण कमी झालेलं असतं. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजाराचं जे पहिलं वर्णन लिहिलं, त्यातही लाळ आणि गिळण्याची अडचण नोंदलेली आहे. रुग्णाला स्वतःला हा त्रास बऱ्याचदा जाणवत नाही, त्यामुळे ‘मला काही होत नाही’ या उत्तरावर थांबू नका.

एएलएस. यात स्नायूच वाळत जातात. जीभ बारीक होते, तिच्यावर सूक्ष्म फडफड दिसते, ओठ मिटत नाहीत, पाणी नाकातून परत येतं. खोकलाही दुबळा होतो, म्हणजे चुकीच्या वाटेने गेलेलं बाहेर फेकायची सोय कमी होते. ज्यांचा आजार बोलण्या-गिळण्यापासून सुरू होतो, त्यांच्यात हे पहिल्या महिन्यांतच दिसतं. जेवताना दमणं ही इथली मोठी खूण: पहिले दहा घास ठीक, नंतरचे धोक्याचे.

अल्झायमर आणि इतर स्मृतिभ्रंश. घशाचे स्नायू बराच काळ बरे असतात. गोंधळ त्याच्या आधी होतो. समोरचं अन्न आहे हे ओळखू येत नाही, घास गालात साठवून ठेवला जातो, चावणं सुरू होतं पण गिळणं विसरतं. अशा माणसाला नुसतं घट्ट पाणी देऊन उपयोग होत नाही. त्याला शांत खोली, एका वेळी एकच पदार्थ आणि समोर बसून आठवण करून देणारा माणूस लागतो.

हंटिंग्टन. हालचालींवर ताबा राहत नाही, घाईघाईने मोठे घास घेतले जातात आणि मध्येच श्वास आत ओढला जातो. शिवाय सततच्या हालचालींमुळे ऊर्जेची गरज वाढते, वजन झपाट्याने उतरतं.

पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) आणि एमएसए (मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी), म्हणजे पार्किन्सन्ससारखे दिसणारे दोन आजार. पीएसपीमध्ये नजर खाली वळत नाही, त्यामुळे ताट दिसत नाही. त्यात तोंड भरेपर्यंत कोंबण्याची सवय लागते. ताट उंच स्टँडवर ठेवलं की बराच फरक पडतो. एमएसएमध्ये स्वरतंतू नीट उघडत नाहीत. झोपेत श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज यायला लागला तर ते साधं घोरणं समजून सोडू नका, डॉक्टरांना लगेच कळवा.

## ३. आठवडाभर नोंद ठेवा

तपासणीला जाण्याआधी सात दिवस लिहून ठेवा. रोज काय पाहायचं:

- जेवायला किती मिनिटं लागली. अर्ध्या तासाहून जास्त वेळ नेहमीच लागत असेल तर ती खूण आहे.
- पाण्यानंतर किंवा जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा झाला का. ‘आ’ म्हणायला सांगा आणि ऐका.
- एका घासासाठी दोन-तीनदा गिळावं लागतं का.
- जेवणानंतर गालात, जिभेखाली, टाळूला अन्न उरतं का. तोंड उघडून टॉर्चने पाहा.
- जेवताना डोळ्यांत पाणी, नाक वाहणं, श्वास फुलणं.
- संध्याकाळी किंवा जेवणानंतर येणारा बारीक ताप.
- आठवड्यातून एकदा वजन, त्याच काट्यावर, त्याच वेळी.

महिन्याभरात वजन पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के उतरलं तर पुढच्या नेहमीच्या भेटीची वाट पाहू नका.

‘ईट-१०’ नावाची दहा प्रश्नांची यादी तज्ज्ञ वापरतात. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4 गुण असतात आणि एकूण 3 किंवा जास्त आले तर तपासणी करावी असं मानतात. पण स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या उत्तरांवर ती विसंबता येत नाही. तिथे तुमची नोंदच खरी.

## ४. कुणाकडे जायचं, काय न्यायचं

गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. नाव ‘स्पीच’ असल्यामुळे अनेकांना हे माहीतच नसतं. न्यूरॉलॉजिस्टकडे गेलात की ‘गिळण्याच्या तपासणीसाठी चिठ्ठी द्या’ असं स्पष्ट सांगा. कंप, चालणं, झोप यांच्या बोलण्यात हा विषय मागे पडतो.

सोबत न्यायच्या वस्तू:

- सर्व औषधांची यादी, मात्रा आणि घड्याळाच्या वेळांसकट
- वरची सात दिवसांची नोंद आणि वजनं
- जेवतानाचा दोन-तीन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ, बाजूने घेतलेला, मान आणि घसा दिसेल असा
- मागच्या वर्षभरातले छातीचे एक्स-रे आणि तापाच्या तारखा
- कवळी, चष्मा, श्रवणयंत्र, आणि रोजचा कप व चमचा

खाटेशेजारची साधी तपासणी ‘सायलेंट अ‍ॅस्पिरेशन’ पकडू शकेलच असं नाही. त्यासाठी दोन चाचण्या आहेत. एकात बेरियम मिसळलेलं अन्न-पाणी देऊन चालत्या एक्स-रेवर घास कुठे जातो ते पाहतात. दुसरीत नाकातून बारीक कॅमेरा घालून घशात काय उरतं ते पाहतात; ही चाचणी खाटेवरही करता येते. पार्किन्सन्सच्या रुग्णाची चाचणी औषधाचा असर असतानाच्या वेळेत झाली की उतरलेल्या वेळेत, हे अहवालावर लिहून घ्या. त्याशिवाय पुढच्या अहवालाशी तुलना करता येत नाही.

चाचणीनंतर तीन प्रश्न विचारा: बिघाड कोणत्या टप्प्यात आहे, मान-डोक्याची कोणती मुद्रा करून पाहिली आणि ती उपयोगी पडली का, पाणी आणि अन्न कोणत्या पातळीचं द्यायचं.

## ५. बसवणं, घास, वेग

खुर्चीत ताठ, कंबर मागे टेकलेली, पाय जमिनीवर किंवा पाटावर टेकलेले. खाटेवरच द्यायचं असेल तर पाठ शक्य तितकी उभी करा आणि गुडघ्यांखाली उशी द्या, म्हणजे शरीर खाली घसरत नाही. जेवणानंतर किमान अर्धा तास बसतंच ठेवा.

भरवणाऱ्याने उभं राहू नये. तुम्ही उभे असलात की रुग्णाची मान वर होते, आणि मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट अधिक उघडी पडते. शेजारी, नजरेच्या पातळीवर बसा. चमचा समोरून, किंचित खालून न्या. साधा चहाचा चमचा वापरा, तो सुमारे 5 मिली धरतो. सुरुवात अर्ध्या चमच्याने करा. कंठ वर जाऊन खाली आलेला दिसल्याशिवाय पुढचा घास देऊ नका.

‘हनुवटी छातीकडे झुकवून गिळा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. गिळण्याची सुरुवात उशिरा होणाऱ्यांना तो मदत करतो. पण ज्यांचे ओठ मिटत नाहीत त्यांच्या तोंडातून घोट बाहेर सांडतो, आणि काहींच्या घशात उरलेलं अन्न याच मुद्रेत श्वासनलिकेकडे वळतं. चाचणीत पाहिल्याशिवाय ती सवय लावू नका. उंच पेल्यातला शेवटचा घोट घेताना मान मागे जातेच. त्यासाठी नाकाजवळ खाच असलेला कप घ्या किंवा पेला अर्धाच रिकामा होऊ द्या आणि पुन्हा भरा. चोच असलेला झाकणाचा कप सोयीचा वाटतो, पण त्यातून द्रव थेट जिभेच्या मागच्या भागावर पडतो. स्ट्रॉने एकदम मोठा घोट ओढला जाऊ शकतो, म्हणून तोही विचारूनच.

जेवताना टीव्ही बंद, गप्पा बंद. ‘गिळलं का?’ असं विचारलं की माणूस तोंडात घास असताना उत्तर द्यायला जातो. त्याऐवजी ‘गिळा’, ‘आता पुन्हा एकदा गिळा’ एवढंच शांतपणे म्हणा. एएलएसमध्ये तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणं द्या, आणि दिवसातलं भरपूर खाणं सकाळी, ताकद असताना उरका.

पार्किन्सन्समध्ये जेवण औषधाच्या वेळेशी बांधा. लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाचा असर बहुतेकांना गोळीनंतर अर्ध्या ते एका तासात सुरू होतो; तेव्हा जेवायला बसवा. प्रथिनं जास्त असलेलं जेवण याच औषधाच्या शोषणाशी स्पर्धा करतं, म्हणून गोळी आणि भरपेट जेवण एकत्र नको. गिळणं औषधाने हातापायांइतकं सुधारेलच असं नाही. तरी उतरलेल्या वेळेत भरवण्यापेक्षा हे नक्कीच सुरक्षित.

## ६. पातळ किती, घट्ट किती

‘थोडं घट्ट करा’ या सूचनेने प्रत्येक माणूस वेगळं घट्ट करतो. म्हणून जगभर ‘आयडीडीएसआय’ ही 0 ते 7 पातळ्यांची पद्धत वापरली जाते. 0 म्हणजे साधं पाणी, 1 ते 4 वाढत्या घट्टपणाचे द्रव, 3 ते 7 अन्न. पातळी 3 आणि 4 दोन्हींत येतात. तुमच्या रुग्णाची पातळी आकड्यात लिहून घ्या आणि स्वयंपाकघरात चिकटवा.

घरी द्रव तपासायची रीत: 10 मिलीची, सुई नसलेली सिरिंज घ्या. 0 पासून 10 मिलीच्या खुणेपर्यंतची लांबी 61.5 मिलिमीटर असलेलीच घ्या, कारण सगळ्या सिरिंज सारख्या नसतात. दट्ट्या काढा, तोंड बोटाने बंद करून 10 मिलीपर्यंत द्रव भरा, बोट काढा, बरोबर 10 सेकंदांनी पुन्हा बंद करा आणि किती उरलं ते पाहा.

- 1 मिलीहून कमी उरलं: पातळी 0
- 1 ते 4 मिली: पातळी 1
- 4 ते 8 मिली: पातळी 2
- 8 मिलीहून जास्त, पण थोडं तरी वाहिलं: पातळी 3
- काहीच वाहिलं नाही: पातळी 4, ही चमचा तिरका करून तपासतात. गोळा आकार धरून राहावा, हलक्या झटक्याने सुटावा आणि चमच्याला फारसा चिकटू नये.

घन अन्नासाठी काटाचमचा पुरतो. त्याच्या दोन दात्यांमधलं अंतर साधारण 4 मिलिमीटर असतं आणि पातळी 5 ला प्रौढांसाठी तुकडे तेवढेच हवेत, ओलसर आणि सुटं पाणी न सोडणारे. पातळी 6 ला तुकडा दीड सेंटिमीटरपर्यंत चालतो, पण काटा दाबल्यावर तो चुरडला गेला पाहिजे आणि काटा उचलल्यावर पूर्वीच्या आकारात परत येता कामा नये.

थिकनर, म्हणजे द्रव घट्ट करणारी पावडर, दोन जातींचे असतात. स्टार्चचा थिकनर ठेवल्यावर आणखी घट्ट होत जातो आणि लाळेतल्या पाचकरसाने तोंडात पुन्हा पातळ होतो. झँथन गमचा थिकनर लाळेत टिकतो. डब्यावरच्या मापाने घाला, ढवळा, सांगितलेला वेळ थांबा आणि मगच सिरिंजने तपासा. गरम आणि गार पेय एकाच मापाला वेगळी घट्ट होतात.

बद्धकोष्ठतेसाठी दिली जाणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर स्टार्चच्या थिकनरने घट्ट केलेल्या पाण्यात घातली तर ते पाणी पुन्हा पातळ होतं. पार्किन्सन्समध्ये बद्धकोष्ठता अगदी नेहमीची, त्यामुळे ही गाठ सहज पडते. दोन्ही चालू असतील तर औषधविक्रेत्याला विचारा आणि तयार पेय सिरिंजने पुन्हा तपासा.

घट्ट पाणी हा सार्वत्रिक उपाय नव्हे. ते आवडत नाही म्हणून माणूस कमी पितो, लघवी गडद होते, गुंगी वाढते. आणि जास्त घट्ट द्रव दुबळ्या घशात उरतो. ते छातीत गेलं तर बाहेर काढणंही अवघड. म्हणून जेवढी गरज तेवढंच घट्ट, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. दिवसभरात किती प्यायलं गेलं याची रोज मोजणी ठेवा.

टाळायचे पदार्थ: दूध-पाण्यात तरंगणारे घन तुकडे, कारण द्रव आधी पळतो आणि तुकडा मागे राहतो, सुटे होणारे कोरडे दाणेदार पदार्थ, दाणे, बिया, सालं, तंतू असलेली भाजी, चिकट गोळे. आइस्क्रीम आणि जेली तोंडात वितळून पाणी होतात. पातळ द्रव बंद असेल तर तेही बंद.

## ७. गोळ्या

पाण्याबरोबर गोळी म्हणजे घन आणि पातळ एकाच घोटात. गोळी घट्ट, गुळगुळीत पदार्थाच्या चमच्यात ठेवून द्या. कुटण्याआधी प्रत्येक औषधाविषयी विचारा. हळूहळू विरघळणारी लेव्होडोपाची गोळी कुटली तर सगळा डोस एकदम सुटतो. एएलएसमधलं रिलुझोल कुटून दिलं तर तोंड बधिर होऊ शकतं, आणि बधिर तोंडाने गिळणं आणखी धोक्याचं. द्रव स्वरूप, जिभेवर विरघळणारी गोळी किंवा त्वचेवरची पट्टी मिळते का ते पाहा.

गिळता येत नाही म्हणून पार्किन्सन्सची औषधं परस्पर बंद करू नका. अचानक खंड पडला की कडक अकड, तीव्र ताप आणि गुंगी येऊन जिवावर बेतू शकतं. एक वेळ चुकली तरी डॉक्टरांना फोन करा. झोपेची आणि शांत ठेवणारी औषधं गिळणं बिघडवतात. हॅलोपेरिडॉल आणि मेटोक्लोप्रमाइड पार्किन्सन्समध्ये टाळतात, हे उलटी-चिडचिडीसाठी नवं औषध लिहिलं जाताना आठवणीने सांगा.

## ८. तोंडाची स्वच्छता

छातीत लाळ गेलीच तर तिच्यासोबत किती जंतू जातात, यावर न्यूमोनियाचा धोका बराच अवलंबून असतो. तोंडातून काहीच न खाणाऱ्यालाही हे लागू आहे. दिवसातून दोनदा मऊ ब्रश, फेस न होणारी पेस्ट, वाटाण्याएवढीही नको; दात, हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू. चूळ भरता येत नसेल तर ओल्या, पिळलेल्या कापडाने पुसा. प्रत्येक जेवणानंतर गालातलं उरलेलं काढा. कवळी रात्री काढून धुऊन ठेवा.

लाळ फार गळत असेल तर थेंब, पट्टी किंवा लाळग्रंथीत बोट्युलिनमचं इंजेक्शन असे पर्याय आहेत. लाळ कमी करणारी काही औषधं स्मृती आणि लघवीवर परिणाम करतात आणि कफ घट्ट करतात, म्हणून ती तज्ज्ञांनीच ठरवावी.

## ९. व्यायाम

पार्किन्सन्समध्ये उच्छ्वासाची ताकद वाढवणारं उपकरण उपयोगी पडल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. नेहमीचा क्रम असा: जोरात पाच फुंका, अशा पाच फेऱ्या, आठवड्यातून पाच दिवस, चार-पाच आठवडे. किती विरोध ठेवायचा ते मोजून तज्ज्ञ ठरवतात. एएलएसमध्ये हेच जोमाने केलं तर दुबळे स्नायू दमतात. तिथे अगदी सौम्य आणि देखरेखीखालीच.

## १०. घशात अडकलं तर

खोकला जोरात येत असेल, आवाज फुटत असेल, तर खोकू द्या. पाणी पाजू नका, पाठीत थापटू नका. आवाज निघत नसेल, श्वास अडला असेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा. नाही निघालं तर मागून मिठी मारून, बेंबीच्या वर मुठीने पाच वेळा आत-वर झटका. आलटून पालटून चालू ठेवा आणि दुसऱ्याला रुग्णवाहिका बोलवायला सांगा. बेशुद्ध झाले तर छाती दाबायला सुरुवात. दिसत नसलेला तुकडा बोटाने शोधू नका, तो खोल जातो. हे आधी शिकून घ्या. भरवणाऱ्या प्रत्येकाने शिकलं पाहिजे.

ताप, श्वासाचा वेग वाढणं, ओठ निळसर, अचानक गुंगी यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

## ११. नळीचा निर्णय

एएलएसमध्ये थेट पोटात अन्न पोचवणारी नळी लवकर बसवणं शहाणपणाचं. श्वासाची क्षमता अपेक्षेच्या 50 टक्क्यांखाली जाण्याआधी आणि वजन फार उतरण्याआधी ती बसवली तर धोका कमी. तोंडाने खाणं तेव्हा लगेच बंद होत नाही.

प्रगत अल्झायमरमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. म्हणून वृद्धांच्या आजारांच्या (जेरियाट्रिक) तज्ज्ञांच्या संस्था नळीऐवजी हाताने, सावकाश, रुग्णाला हवं तेवढंच भरवण्याचा सल्ला देतात. तोंड मिटून घेतलं, मान वळवली, तर ते उत्तर समजा आणि थांबा. असं भरवणं म्हणजे उपाशी ठेवणं नव्हे, हे नातेवाइकांना आधीच समजावून सांगावं लागतं. रुग्णाला स्वतःचं मत सांगता येतं तोवर हा विषय काढा आणि लिहून ठेवा.

नळी असली तरी लाळ आणि पोटातून वर आलेलं अन्न छातीत जाऊ शकतं. नळीतून देताना आणि त्यानंतर अर्धा ते एक तास डोक्याची बाजू 30 ते 45 अंश उंच ठेवा. आधी आणि नंतर साधारण 30 मिली पाण्याने नळी धुवा, आणि औषधं एकत्र न मिसळता एकेक करून, मध्ये थोडं पाणी सोडून द्या. नळी तुंबण्याचं एक मोठं कारण एकत्र कुटलेल्या गोळ्या हे असतं.